ओल्ड फॅशन्ड घरच्या घरी: माप, बर्फ आणि संत्र्याची साल

ओल्ड फॅशन्ड या कॉकटेलमध्ये चारच जिन्नस: व्हिस्की, साखर, बिटर्स (मुळं-मसाल्यांचा कडू अर्क) आणि पाणी. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावी निघणाऱ्या एका वर्तमानपत्राने १३ मे १८०६ च्या अंकात कॉकटेलमध्ये काय काय असतं हे एका वाचकाला कळवलं, तेव्हाही यादी हीच होती. फक्त दारू कुठलीही चालेल असं म्हटलं होतं. पुढे बारवाल्यांनी त्यात नारंगीची लिकर घाल, ॲबसिंथ घाल असे प्रकार सुरू केले आणि जुनी गिऱ्हाइकं ‘जुन्या पद्धतीचं द्या’ म्हणू लागली. नाव तिथून पडलं. केंटकीतल्या लुईव्हिल शहरातला पेंडेनिस क्लब हे पेय आमच्याकडेच जन्मलं असं सांगत आला आहे. पण क्लब स्थापन झाला १८८१ मध्ये आणि हे नाव अमेरिकी वृत्तपत्रात १८८० सालीच छापून आलं होतं, तेव्हा तो दावा सोडून द्यायचा.

चौघांपैकी पाण्याकडे कुणाचं लक्ष नसतं. घरी केलेलं ओल्ड फॅशन्ड बिघडतं ते मात्र बहुतेक वेळा पाण्यामुळेच. एकतर बर्फ चुकीचा असतो, नाहीतर बर्फ बरोबर आणि ढवळणं चुकीचं. म्हणून इथे व्हिस्कीपेक्षा बर्फाबद्दल जास्त लिहिलं आहे.

सुरुवातीलाच कायद्याचं सांगून टाकू. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. २१ ची अट सौम्य बिअर आणि वाइनपुरती. दारू विकत घ्यायला, घरी ठेवायला आणि प्यायलाही परवाना लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाचा असतो आणि एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. घरी बाटली ठेवणार असाल तर वर्षाचा तरी काढून ठेवा.

माप

‘अंदाजाने एक मोठा’ ही सवय इथे चालत नाही. पाच मिली पाक जास्त पडला तर गोडी दुप्पट होते, कारण मुळात पाक पाचच मिली असतो. ३० आणि ६० मिलीचं दुतोंडी माप भांड्यांच्या मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. ते नसेल तर मुलांच्या औषधाच्या बाटलीवर येणारं रेघांचं टोपण घ्या. बहुतेक वेळा त्यावर २.५, ५ आणि १० मिलीच्या खुणा असतात. पाकासाठी तर औषधाच्या दुकानातली ५ मिलीची, सुई नसलेली सिरिंज सगळ्यांत उत्तम. पाक दाट असतो, चमच्याला चिकटून राहतो, आणि घरातला चहाचा चमचा ५ मिलीचाच असेल याची खात्री नाही. सिरिंज शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी होते.

एका ग्लासाचं माप असं:

व्हिस्की ६० मिली
साखरेचा दाट पाक ५ मिली
अँगोस्टुरा बिटर्सचे २ झटके, म्हणजे साधारण दीड मिली
संत्र्याच्या सालीची एक पट्टी, अंगठ्याएवढी रुंद आणि बोटभर लांब
ढवळायला फ्रीजच्या ट्रेमधले ८ ते १० खडे, आणि ग्लासात घालायला एकच मोठा खडा

६० मिली म्हणजे आपला लार्ज पेग. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत त्यातून सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. गोड आणि गार लागतं म्हणून ते कमी होत नाही. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि हा एक ग्लास त्याच्या पलीकडे नेऊ शकतो. मिरजेहून सांगलीला आलेल्या पाहुण्याला परत गाडी चालवायची असेल तर त्याला सरबत द्या.

व्हिस्की कुठली

मूळ कृती बर्बन या अमेरिकी व्हिस्कीची, किंवा राय नावाच्या धान्यापासून केलेल्या व्हिस्कीची. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. व्हॅनिलाची, भाजक्या साखरेची चव त्या जळक्या लाकडातून येते. साखर आणि संत्रं तिच्याशी जुळतात ते म्हणूनच. आयात बर्बन परवडत असेल तर साधी, कमी किमतीचीच घ्या. १२ वर्षं मुरलेली महागडी बाटली पाकात बुडवायची नसते.

आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या बहुतेक व्हिस्कींचा पाया धान्याचा नसून मळीचा असतो. कृष्णाकाठच्या माणसाला मळी म्हणजे काय हे सांगायला नको. उसाच्या मळीपासून काढलेल्या शुद्ध अल्कोहोलमध्ये थोडी माल्ट, कधी थोडी स्कॉच, आणि रंगाला कॅरमल. युरोपीय संघात असल्या पेयाला व्हिस्की म्हणून विकता येत नाही, तिथे धान्याची अट आहे. पण म्हणून तिचं ओल्ड फॅशन्ड होत नाही असं नाही. फक्त तिच्यात लाकडाची आणि धान्याची चव कमी असते, आणि जिभेवर आधीच गुळचट लागते. तिला पाक ५ ऐवजी ३ ते ४ मिली घाला आणि बिटर्सचा एक झटका वाढवा. भारतीय सिंगल माल्ट, म्हणजे बंगळूरची अमृत किंवा गोव्याची पॉल जॉन, यांत धुराची चव नसलेली बाटली निवडलीत तर काम फार छान होतं. धुरकट स्कॉच नवशिक्याने टाळावी. धूर, बिटर्स आणि संत्रं तिघं भांडतात.

बाटलीवर टक्केवारी बघायची. ४० पेक्षा कमी नको, ४२.८ ते ४६ उत्तम. हे पेय बर्फाच्या पाण्याने पातळ होणारच असतं, आधीच हलकी असलेली व्हिस्की त्यात पार हरवते.

पाक, पण तारेचा नाही

मूळ पद्धतीत साखरेचा चौकोनी खडा बिटर्सने भिजवून ग्लासात रगडतात. बारमध्ये ते दिसायला छान दिसतं. घरी करू नका. साखर अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, आणि आपल्या कारखान्यांच्या एम-३० प्रतीच्या साखरेचा दाणा चांगला टपोरा असतो. तो तळाशी बसतो. पहिला घोट कडू आणि शेवटचा घोट शिऱ्यासारखा गोड, असा ग्लास तयार होतो.

२०० ग्रॅम साखर आणि १०० मिली पाणी मंद आचेवर ठेवा. साखर विरघळून पाणी स्वच्छ दिसलं की गॅस बंद. उकळी आणायची नाही. स्वयंपाकघरात पाक म्हटलं की हात आपोआप एकतारीकडे जातो, पण तारेच्या पाकातलं पाणी उडालेलं असतं, तो फ्रीजमध्ये गेला की दाणे धरतो आणि मापही बिघडतं. या मापाने साधारण सव्वादोनशे मिली पाक होतो, म्हणजे चाळीसहून जास्त ग्लासांचा. स्वच्छ कोरड्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला तर तीन आठवडे सहज टिकतो. आत ढगाळ तंतू दिसले की फेकून द्यायचा.

सांगलीत राहून गुळाचा विचार डोक्यात येणारच. मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात आणि हंगामात गुऱ्हाळावर काकवी मिळते. काकवी म्हणजे जवळजवळ तयार पाकच: दोन भाग काकवी आणि एक भाग गरम पाणी, चांगलं ढवळून पातळ फडक्यातून गाळून घ्या. गूळ वापरायचा तर १०० ग्रॅम चिरलेला गूळ ५० मिली पाण्यात विरघळवून दोनदा गाळा. त्यात चुन्याचे कण आणि चिपाडाचे धागे असतात. गडद तपकिरी गूळ घ्यायचा. पिवळाधमक नको, तो रंग बऱ्याचदा हायड्रोस या रंग उजळवणाऱ्या रसायनाने आणलेला असतो. गुळात क्षार असल्यामुळे त्याला अंगची खारट चव असते आणि ती बर्बनशी चांगली जमते, पण पेय गढूळ दिसतं आणि गूळ पुढे पुढे करतो. पहिले काही ग्लास पांढऱ्या साखरेचे करा. चव जिभेवर बसली की मग अर्धा साखरेचा पाक, अर्धी काकवी. पातळ केलेली काकवी बाहेर ठेवली तर उन्हाळ्यात आंबते, झाकण उघडताना फस्सकन आवाज येतो. ती फ्रीजमध्येच ठेवायची आणि आठ-दहा दिवसांत संपवायची.

(सांगली हळदीचीही आहे. तरी हळद नको. ग्लास, चमचा आणि पाहुण्याचा शर्ट तिन्ही पिवळे होतात.)

बिटर्स

अँगोस्टुरा ही कागदाचं मोठं वेष्टण बाटलीच्या मानेच्या वर आलेली, पिवळ्या झाकणाची लहान बाटली. योहान झीगर्ट या जर्मन डॉक्टरने १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी हा अर्क पोटाचं औषध म्हणून बनवला. आता तो त्रिनिदादमध्ये होतो. ४४.७ टक्के अल्कोहोल असतं, पण वापर थेंबांचा असतो, त्यामुळे एक बाटली वर्ष-दोन वर्षं पुरते आणि खराब होत नाही. सांगलीत प्रत्येक वाइन शॉपमध्ये मिळेलच असं नाही. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवणं सोपं.

बाटलीच्या तोंडाला छिद्राचं बूच असतं. बाटली उलटी करून एकदा झटकली की एक झटका. पहिला झटका नेहमी कमी पडतो, बाटली संपत आली की जास्त पडतो.

ते मिळेपर्यंत घरी एक कामचलाऊ अर्क करता येतो. अँगोस्टुराच्या कडवटपणामागे जेन्शियन नावाचं मूळ आहे, आणि आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातलं काडेचिराईत त्याच कुळातलं. मात्र बाजारात त्या नावाखाली किराईत, म्हणजे कालमेघही विकतात. ते भलतंच कडू असतं, म्हणून खात्रीच्या दुकानातूनच घ्या. १०० मिली व्होडका किंवा व्हिस्की काचेच्या बरणीत घ्या. त्यात संत्र्याची वाळवलेली साल ५ ग्रॅम, हिरवी वेलची २, लवंगा २, दालचिनीचा पेराएवढा तुकडा आणि चक्रीफुलाची एक पाकळी घालून झाकण लावा, अंधारात ठेवा, रोज एकदा हलवा. चिराईत फक्त २ ग्रॅम, आणि तेही सातव्या दिवशी. पहिल्या दिवशी घातलं तर बाकी काही लागतच नाही. चिराईत घातल्यावर दर बारा तासांनी एक थेंब पाण्यात टाकून चाखा. दोन दिवसांत पुरेसं कडू होतं. मग आधी फडक्यातून आणि नंतर कॉफीच्या गाळण कागदातून गाळायचं. कुठल्याही टप्प्यावर गॅसजवळ न्यायचं नाही. लवंग दोनाच्या वर गेली तर दाताच्या दवाखान्याचा वास येतो. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर चिराईताचा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि गरोदरपणात तर मुळीच नको.

ड्रॉपरच्या बाटलीत भरा आणि एका ग्लासाला एक मिलीपासून सुरुवात करा. अँगोस्टुराची सर येत नाही. पण बिटर्सशिवाय केलेल्या ओल्ड फॅशन्डपेक्षा कितीतरी बरं.

बर्फ

आता मुख्य मुद्दा. बर्फ दोन कामं करतो: गार करतो आणि विरघळून पाणी देतो. ६० मिली व्हिस्कीत ढवळताना १५ ते २० मिली पाणी उतरायला हवं. तेवढं उतरलं की ४२.८ टक्क्यांची व्हिस्की ग्लासात ३१ टक्क्यांच्या आसपास येते, घशातली आग जाते आणि वास मोकळा होतो. कमी उतरलं तर पेय जळजळीत, जास्त उतरलं तर पांचट.

फ्रीजरमधून नुकताच काढलेला कोरडा बर्फ बोटाला चिकटतो. पाच मिनिटं बाहेर राहिलेला बर्फ चकचकीत, ओला आणि निसरडा असतो. त्याच्या अंगावरचं पाणी ग्लासात गेल्या गेल्या मिसळतं, गारवा मात्र देत नाही. एप्रिल-मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बर्फ आधी काढून ठेवून मग व्हिस्की मोजायला बसणं ही सरळ चूक आहे. सगळं मोजून झाल्यावर, सगळ्यांत शेवटी फ्रीजर उघडायचा. वीज गेली असेल तर त्या दिवसाचा बर्फ धरू नका, अर्धवट वितळून पुन्हा गोठलेले खडे एकमेकांना चिकटतात आणि ढवळताना भुगा होतो.

वासाचं प्रकरण वेगळं. बर्फ फ्रीजरमधले वास शोषतो. शेजारी सुकट किंवा मटणाचं वाटण असेल तर व्हिस्कीत तेच लागणार. ट्रेला झाकण हवं, आणि आठवड्यापेक्षा जुने खडे फेकून द्यायचे. बोअरच्या पाण्याचा बर्फ करू नका. क्षारांमुळे तो पांढरा, ठिसूळ होतो आणि वितळताना चवही सोडतो. फिल्टरचं पाणी घ्या. गाडीवरच्या लादीचा बर्फ तर विचारातच घेऊ नका. अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१८ मध्ये झाली आहे, पण रंग नाही म्हणून तो खाण्याचाच आहे असं गृहीत धरता येत नाही.

ग्लासात घालायचा मोठा, काचेसारखा स्वच्छ खडा करायला पोळ्यांचा कॅसरोल लागतो. ट्रेमध्ये पाणी सगळ्या बाजूंनी गोठतं, त्यामुळे हवा आणि क्षार मध्यभागी कोंडले जाऊन पांढरा डाग बनतो. कॅसरोलच्या भिंतींतून गारवा आत शिरत नाही, झाकण काढलेलं असल्यामुळे पाणी फक्त वरून खाली गोठत जातं आणि हवा खालच्या पाण्यात ढकलली जाते. कॅसरोल तीन चतुर्थांश भरा, झाकण न लावता फ्रीजरमध्ये १८ ते २० तास ठेवा. तळाशी पाणी शिल्लक असतानाच काढायचा. पूर्ण गोठू दिलात तर तळ पांढरा होतो, आणि बर्फ फुगून कॅसरोलला तडा जातो तो वेगळाच. मग पोळ्या कशात ठेवायच्या हा प्रश्न घरात निघतो.

बाहेर काढून दहा मिनिटं ओट्यावर ठेवा, मग स्वच्छ सिंकमध्ये उलटा करा. लादी सुटते, खालचं पाणी वाहून जातं. लादीवर पांढरं बाष्प दिसतं ते जाऊन ती पारदर्शक दिसू लागेपर्यंत थांबायचं. घाई केली तर सुरी लागताच ती वेडीवाकडी फुटते. दात्यांच्या ब्रेडच्या सुरीने अर्धा सेंटिमीटर खोल रेघ पाडा, सुरी रेघेतच ठेवा आणि पात्याच्या पाठीवर लाटण्याने हलकेच ठोका. लादी रेघेवर सरळ दुभंगते. साधारण पाच सेंटिमीटरचे चौकोन पाडून झाकणाच्या डब्यात परत फ्रीजरमध्ये. तळाचा पांढरा भाग ढवळायच्या बर्फात वापरता येतो.

एवढा खटाटोप नको असेल तर सिलिकॉनचे मोठ्या चौकोनांचे साचे मिळतात. खडा पांढरट दिसेल, काम मात्र होईल.

कृती

जड बुडाचा, बुटका ग्लास दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. ढवळायचं भांडंही सोबत ठेवा: काचेची उभी बरणी किंवा स्टीलचा मोठा ग्लास. लस्सीचा लांब दांड्याचा चमचा आणि एक गाळणी जवळ घ्या. गाळणी चहाची नको. कितीही घासली तरी चहा-आल्याचा वास जाळीत राहतो. दहा-वीस रुपयांची वेगळी ठेवा.

संत्रं कोमट पाण्यात चोळून धुवा, वरचं मेण निघतं. सोलाण्याने सालीची पट्टी काढा, देठाकडून खाली, हात हलका ठेवून. आतला पांढरा भाग जितका कमी तितकं बरं, तो तुरट-कडू असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, सोलाण्याखाली सरकते. ती हाताने सोलून पाठीमागचं पांढरं चमच्याने खरवडलं तर सोपं जातं. हिवाळ्यात येणाऱ्या किन्नूची साल घट्ट असल्यामुळे पट्टी सुबक निघते. मोसंबीची साल अगदीच नाइलाज असेल तर, तिचा वास संत्र्याचा नसतो.

भांड्यात आधी पाक, मग बिटर्स, मग व्हिस्की. क्रम असा अशासाठी की माप चुकलं तर पाच मिली पाक फेकावा लागेल, साठ मिली व्हिस्की नाही. बर्फ न घालता पाच-सहा वेळा ढवळून पाक सुटा करा, नाहीतर गार झाल्यावर तो तळाशी घट्ट बसतो. चमच्याच्या टोकावर एक थेंब घेऊन चाखा. या घटकेला ते खूप गोड आणि खूप तिखट लागलं पाहिजे.

आता बर्फ. खडे व्हिस्कीच्या पातळीच्या चांगले वर यायला हवेत. नवशिके पाणी होईल या भीतीने तीनच खडे टाकतात आणि नेमकं उलटं होतं: थोडा बर्फ पेय गार व्हायच्या आतच विरघळून संपतो. भरपूर बर्फ पेय झटकन गार करतो आणि स्वतः टिकतो.

चमच्याची पाठ भांड्याच्या भिंतीला टेकवून फिरवा, म्हणजे सगळा बर्फ एकजुटीने फिरेल. खळखळ आवाज होत असेल तर खडे आपटून फुटताहेत. ३० सेकंद ढवळा, मग चाखा. अजून घशाला लागत असेल तर आणखी १० सेकंद. ओल्या बर्फाला २० सेकंदच पुरतात. गोडी मागे सरकली, व्हिस्कीचा वास नाकाला आला पण डोळ्यांना झोंबला नाही, म्हणजे झालं. भांडं बाहेरून धुरकटतं. आतलं पेय शून्याच्याही किंचित खाली गेलेलं असतं, अल्कोहोलमुळे ते गोठत नाही एवढंच.

मोठा खडा गार ग्लासात ठेवा आणि पेय गाळून ओता. खडा फ्रीजरमधून काढून दोन-तीन मिनिटं झालेली असू द्या. थेट काढलेल्या खड्यावर ओतलं तर तडकतो, आणि तडकलेला खडा लवकर विरघळतो.

शेवटी साल. रंगाची बाजू ग्लासाकडे धरून, पेयापासून चार बोटं वर, दोन्ही हातांच्या बोटांनी पट्टी मधोमध दुमडून दाबा. तेलाचा बारीक फवारा उडतो. दिव्यासमोर धरलं तर तो दिसतो आणि पेयावर तवंगाचे चमकते ठिपके पडतात. पट्टी ग्लासाच्या काठावरून एकदा फिरवा आणि आत टाका. पहिल्या घोटाचा निम्मा स्वाद या तेलातच असतो. कोमेजलेल्या सालीतून तेल उडत नाही, म्हणून पट्टी आयत्या वेळीच काढायची.

काही ठिकाणी चेरी घालतात. बेकरीत ‘चेरी’ म्हणून मिळते ती बहुधा रंगवलेली, पाकवलेली करवंदं असतात. त्यांनी ग्लासात रंग आणि नको तेवढी साखर उतरते. काहीतरी घालायचंच असेल तर तासगावकडच्या काळ्या मनुका चार-पाच दिवस व्हिस्कीत बुडवून ठेवा आणि दोन काडीला टोचून द्या.

बिघडलं तर

फार गोड झालं तर व्हिस्की वाढवत बसू नका, एक झटका बिटर्स घालून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्याने सावरतं. फार कडू झालं आणि बिटर्स मोजूनच घातलं असेल तर सालीचा पांढरा भाग तपासा, किंवा साल ग्लासात पंधरा-वीस मिनिटं पडून राहिली असेल. पांचट झालेल्याला उपाय नाही. चव बरोबर आहे पण निर्जीव लागतं आहे, असं वाटलं तर मिठाचे चार दाणे. चिमूट नव्हे, दाणे.

आणि भडंग. सांगलीत ग्लास आला की भडंग येणारच, पण लसूण-तिखटाने भाजलेल्या जिभेला बिटर्स आणि संत्र्याचं तेल कळत नाही. पहिला ग्लास भाजक्या शेंगदाण्यांवर घ्या. भडंग नंतर काढा.

बिटर्स नसेल तेव्हा

मग ओल्ड फॅशन्डचा हट्ट सोडून व्हिस्की सावर करावं, ते लिंबावर चालतं. व्हिस्की ६० मिली, कागदी लिंबाचा ताजा रस २५ मिली, वरचाच पाक १५ मिली. रसाला दोन लिंबं लागतात. घट्ट झाकणाच्या बरणीत भरपूर बर्फासोबत १२ सेकंद जोरात हलवून गाळायचं. इथे ढवळणं पुरत नाही; रस असला की हलवायचं, नुसती दारू असली की ढवळायचं. मूळ कृतीत अंड्याचा कच्चा पांढरा भागही ऐच्छिक असतो, फेसासाठी. सुरुवातीला तो वगळा.

सहा जणांसाठी

पाहुणे आले की एकेक ग्लास ढवळत बसणं अवघड होतं, तेव्हा पाणी बर्फावर न सोपवता मोजूनच घालायचं. व्हिस्की ३६० मिली, पाक ३० मिली, बिटर्स ९ मिली आणि फिल्टरचं पाणी १०० मिली. सगळं बाटलीत भरून नीट हलवा. फ्रीजमध्ये सकाळपासून ठेवलं तरी चालतं; द्यायच्या आधी दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा. रात्रभर फ्रीजरमध्ये राहू देऊ नका, पाणी घातल्यामुळे त्यात बर्फाचे कण धरू लागतात. ही बाटली आधीच पातळ केलेली आहे, तेव्हा आता ढवळायचं नाही. ग्लासात मोठा खडा, त्यावर ८० मिली ओतायचं आणि प्रत्येकाच्या ग्लासावर साल त्याच्यासमोर पिळायची. साल बाटलीत घालून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी सगळी बाटली कडू होते.